एज ऑफ एम्पायर्स: संस्कृती ५० झाल्या, आता थांबायचं की वाढवायचं?

लाकूडतोड्या

मंडळी, एज ऑफ एम्पायर्स २ (संगणकावर गाव वसवायचं, सैन्य उभारायचं आणि समोरच्याला हरवायचं, तो गेम) मध्ये मे २०२५ ला 'थ्री किंगडम्स' डीएलसी (गेममधली विकतची भर) आलं आणि संस्कृतींचा, म्हणजे खेळायला निवडता येणाऱ्या लोकांचा, आकडा ५० वर गेला. १९९९ साली मूळ गेम 'एज ऑफ किंग्ज'मध्ये १३ होत्या. पुढच्या वर्षी 'कॉन्करर्स' या पहिल्या विस्ताराने त्या १८ केल्या आणि मग २०१३ पर्यंत अधिकृतपणे एकही वाढली नाही. २०१३ ते २०२५ या काळात ३२ वाढल्या, आणि त्यातल्या १५ तर २०२१ पासूनच्या.

माझं म्हणणं असं की आता नवीन संस्कृती पुरे. या गेमची खरी ताकद म्हणजे सगळ्यांचं व्याकरण एक. बराक (पायदळ), रेंज (तिरंदाज), स्टेबल (घोडदळ) या इमारती सगळ्यांच्या सारख्या. वर एक-दोन खास युनिट आणि चार-पाच बोनस. समोरच्याची संस्कृती नवी असली तरी नाईट (चिलखती घोडेस्वार) दिसला की भाला काढायचा, एवढं डोक्यात पक्कं असतं. आता शू, वे आणि वू या नव्या चिनी संस्कृतींना नाईट नाहीच, त्याऐवजी हेई ग्वांग घोडदळ. ट्रेबुशे या दगडफेकी यंत्राऐवजी ट्रॅक्शन ट्रेबुशे. खितानांना शेत नाही, कुरण. आणि वर रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यात हिरो, म्हणजे नावाचा खास योद्धा!

तुम्हाला काय वाटतं? याच गेममध्ये भर घालत राहावं, सगळं गोठवून फक्त दुरुस्त्या कराव्यात, की 'एज ५' काढून तिथे काय ते प्रयोग करावेत?

तिसरी_मेंढी

१४

घाटावरचा_स्काऊट

@लाकूडतोड्या, व्याकरणाचा मुद्दा पटला, पण इतिहास सोयीस्कर वापरलात. 'कॉन्करर्स'मध्ये अझ्टेक आणि मायन आले तेव्हा त्यांना स्टेबलच नव्हतं. घोड्याचा स्काऊट (टेहळ्या) नाही, त्याच्या जागी ईगल वॉरियर. हूणांना घरंच बांधावी लागत नव्हती. व्याकरणाला भगदाड तेव्हाच पडलं होतं, आणि आज त्याच डीएलसीला सगळे सुवर्णकाळ म्हणतात.

त्याआधीचंही घ्या. चिनी पहिल्या दिवसापासून ३ जास्तीच्या व्हिलेजरनिशी (कामकऱ्यांनिशी) सुरू होतात, बदल्यात आजच्या हिशेबाने २०० अन्न आणि ५० लाकूड कमी. म्हणजे अन्न शून्य! मेंढी वेळेवर सापडली नाही तर टाऊन सेंटर (जिथे व्हिलेजर बनतात) हातावर हात ठेवून बसतं. हे आज नव्याने आणलं असतं तर तुम्हीच 'गिमिक' म्हणून धागा काढला असता.

दगडू_ट्रेबुशे

५० काय, १०० करा. आधी माझे १२ नाईट एका फाटकातून बाहेर काढून दाखवा.

टाऊनसेंटर_ताई

आकडेमोड करू या. १३ संस्कृती म्हणजे वेगवेगळ्या जोड्या ७८. १८ म्हणजे १५३. ५० म्हणजे १२२५, आणि त्यात आपल्याच संस्कृतीविरुद्धचे सामने धरलेले नाहीत. बॅलन्स (सगळ्यांची ताकद समतोल) करणाऱ्यांचं काम संस्कृतींच्या प्रमाणात नाही, जोड्यांच्या प्रमाणात वाढतं. म्हणून प्रत्येक डीएलसीनंतर तेच नाटक: २०२२ मध्ये गुर्जर आले, पहिले काही आठवडे उंट आणि श्रीवंश रायडर यांनी धुमाकूळ घातला, मग कात्री लागली. २०२१ मध्ये बर्गंडियनांची फ्लेमिश रिव्होल्यूशन आली, एक बटण दाबलं की सगळे व्हिलेजर सैनिक! तिलाही नंतर आवर घालावा लागला.

पण यावर उपाय संस्कृती थांबवणं नाही. रँक्डमध्ये नकाशे बॅन करता येतात, संस्कृती येत नाहीत. स्पर्धांमध्ये कॅप्टन्स मोडने ड्राफ्ट होतो: दोघांनी आळीपाळीने निवडायचं, आळीपाळीने बाद करायचं. लॅडरवर (रँक्डमध्ये) पूर्ण ड्राफ्ट वेळखाऊ होईल हे मान्य, पण प्रत्येकी एक संस्कृती बाद करायला १५ सेकंद पुरतात. ज्यांना हिरो नको ते शू-वे-वूपैकी एक बाद करतील. कोण किती वेळा बाद होतंय याचा आकडा आपोआप बनवणाऱ्यांपुढे जाईल. आंदोलनांची गरज नाही.

घाटावरचा_स्काऊट

ताई, एक बाद करून कसं भागेल? हिरोवाल्या तीन आहेत. एकाने शू उडवली तर समोरचा वे घेऊन येणार.

टाऊनसेंटर_ताई

बरोबर पकडलंत. मग तीन बॅन द्या. ५० मधून दोघांचे मिळून ६ गेले तरी ४४ उरतात, कुणाचं काही अडत नाही.

मेंढपाळ

हिरोवरून एवढा गहजब का, तेच कळत नाही. नीट बघा: इम्पीरियल एज या शेवटच्या युगात, एका वेळी एकच, आणि आसपासच्या सैन्याला थोडा फायदा. १००० अन्न ८०० सोनं मोजून इम्पीरियलला गेल्यानंतरची गोष्ट. बहुतेक एकास-एक सामने तोवर एकीकडे झुकलेले असतात. आणि 'आसपासच्यांना फायदा' हेही नवं नाही. रोमनांचा सेंच्युरियन २०२३ पासून तेच करतोय. जॉर्जियनांचे मोनास्पा एकमेकांच्या सोबतीने ताकदवान होतात. तेव्हा कुणी निषेध मोर्चा काढला नव्हता.

लाकूडतोड्या

फरक आहे. सेंच्युरियन हा युनिटचा प्रकार आहे, नावाचा माणूस नाही. हिरो म्हणजे लिऊ बेई, त्साओ त्साओ आणि सुन जियान. मोहिमांमध्ये जोन ऑफ आर्क पहिल्यापासून आणि एल सिद 'कॉन्करर्स'पासून आहेत, तिथे ते शोभतात, कारण तिथे गोष्ट सांगायची असते. रँक्डमध्ये गोष्ट दोन खेळाडू रचतात. तिथे लेखकाने आपलं पात्र घुसवू नये.

वोलोलो_बुवा

सेंच्युरियन रोमन म्हणजे तोही आगंतुकच. 'रिटर्न ऑफ रोम'मध्ये रोमन आधी रँक्डबाहेर ठेवले होते. लोकांनीच गलका केला म्हणून आत घेतले. तेव्हा 'आत घ्या' म्हणून ओरडणारे आज 'बाहेर काढा' म्हणतात. आमच्याकडे धर्मांतराला इतका कमी वेळ लागत नाही!

तिसरी_मेंढी

११

नवा_भिडू

११, १४ हे काय चाललंय? कोड आहे का?

तिसरी_मेंढी

टाँट. चॅटमध्ये आकडा टाकला की आवाज वाजतो. ११ म्हणजे हसणं, १४ म्हणजे 'गेम सुरू करा एकदाचा', ३० म्हणजे बुवांचा वोलोलो (शत्रूचा माणूस आपल्या बाजूला वळवतानाचा मंत्र). ३ टाकलं की अन्न मागतो, ४ टाकलं की लाकूड. टीम गेममध्ये ४ टाकत बसणाऱ्यांपासून जपून.

काळाचा_हिशेब

हिरो राहू द्या, मला काळाचा घोळ जास्त खुपतो. तीन राज्यांचा काळ साधारण इ.स. २२० ते २८०. या गेमचा दुसरा काठ म्हणजे 'कॉन्करर्स'मधल्या १५७१ च्या लेपांतो आणि १५९८ च्या नोर्यांग या लढाया. म्हणजे एकाच पटावर तेराशे वर्षं. कुणी म्हणेल अटिला पण पाचव्या शतकातला. बरोबर, पण हूण हे लोक आहेत, वे हे राज्य आहे. चिनी लोक १९९९ पासून गेममध्ये आहेतच. त्यांचीच साठ वर्षांची तीन तुकडे झालेली राज्यं वेगळ्या संस्कृती म्हणून विकायची, आणि ज्यांची खरी जागा रिकामी होती ते तंगुत, तिबेटी, बाई बाहेरच. त्याच डीएलसीत जुर्चेन आणि खितान मिळाले, ते उत्तम, पण त्या दोघांना मोहीमच नाही. तिन्ही मोहिमा तीन राज्यांच्या. ज्यांना वाट पाहायला लावली त्यांच्याच पानात आमटी कमी.

आणि यावर तोडगा त्यांच्याच घरात होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'क्रॉनिकल्स'मधून अथेन्स, स्पार्टा आणि अकेमेनिड आले ते वेगळ्या कप्प्यात, तेव्हा रँक्डपासून दूर. तिथे जहाजं वेगळी, टेक वेगळे, मन मानेल ते प्रयोग, आणि मोहीमही झकास. तीन राज्यं त्या कप्प्यात ठेवली असती तर हा धागा निघालाच नसता.

टाऊनसेंटर_ताई

+१. 'क्रॉनिकल्स'चा कप्पा हेच मला भविष्य वाटतं. प्रयोग तिकडे, लॅडर इकडे.

नवा_भिडू

'एज ४'बद्दल कुणी काहीच बोलत नाही? तुम्ही ज्या प्रयोगांबद्दल भांडताय ते तिथे २०२१ पासून पद्धतशीर चालू आहेत. पहिल्या दिवशी फक्त ८ संस्कृती होत्या, पण प्रत्येक खरोखर वेगळी. दिल्ली सल्तनतीला संशोधन फुकट, पण हळू. विद्वान मशिदीत बसवले की वेग वाढतो. मंगोल घरंदारं उचलून चालू लागतात.

आणि सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे एज-अप, पुढच्या युगात जाणं. 'एज २'मध्ये फ्यूडलचं (दुसऱ्या युगाचं) बटण दाबलं की १३० सेकंद टाऊन सेंटर अडकतं, म्हणजे ५ व्हिलेजर बुडाले. 'एज ४'मध्ये ४०० अन्न २०० सोनं देऊन लँडमार्क (खास इमारत) बांधायचं. व्हिलेजर बांधतात, टाऊन सेंटर मोकळंच राहतं. चार माणसं जास्त लावली की लवकर होतं, पण तेवढं उत्पन्न बुडतं. निर्णय खेळाडूचा. दोनपैकी कुठलं लँडमार्क निवडलं यावरून समोरच्याला आपली चालही कळते. 'एज ५'ला हेच उचलायला हवं.

घाटावरचा_स्काऊट

लँडमार्कबद्दल सहमत. पण ते '५ व्हिलेजर बुडाले' म्हणजे दोष नव्हे, तोच तर डाव आहे. २१ लोकसंख्येवर फ्यूडल दाबायचं म्हणजे गणित असं: ३ व्हिलेजरवर सुरुवात, स्काऊट धरून २१ म्हणजे २० व्हिलेजर, म्हणजे १७ बनवायचे. १७ गुणिले २५ सेकंद, अधिक लूमचे (व्हिलेजर काटक करणारं संशोधन) २५, झाले ४५०. बरोब्बर साडेसात मिनिटांवर बटण, ९:४० ला फ्यूडल. एकही सेकंद टाऊन सेंटर रिकामं न ठेवता. १८ वर दाबलं तर बटण सव्वासहालाच, पण मागे ३ व्हिलेजर कमी, लाकडाची बोंब. २३ वर दाबलं तर अर्थव्यवस्था गुबगुबीत, पण समोरचे स्काऊट बेरी खाणाऱ्यांच्या उरावर. टाऊन सेंटर अडकतं म्हणूनच या आकड्याला किंमत आहे.

नवा_भिडू

हे २१ वालं जरा फोडून सांगाल का? धागा भरकटला तरी चालेल.

घाटावरचा_स्काऊट

अवांतर, पण घ्या. सुरुवातीला २०० अन्न म्हणजे ४ व्हिलेजर, लगेच रांगेत टाका. दोन व्हिलेजर घरं बांधायला (प्रत्येकी २५ लाकूड, ५ जणांची सोय). पहिले ६ मेंढ्यांवर, टाऊन सेंटरच्या अगदी खाली. पुढचे ४ लाकडावर, १०० लाकडाचा कॅम्प (लाकूड जमा करायची जागा). मग एक जण रानडुक्कर आणायला: दोन बाण मारायचे आणि वळून टाऊन सेंटरकडे धूम. तिसऱ्या बाणाचा मोह नको, डुक्कर गाठतं. त्यात ३४० अन्न, मेंढीत १००. पुढचे ४ बेरींवर, त्यातला पहिला गिरणी बांधतो. नंतर दुसरं डुक्कर, आणि उरलेले लाकडावर. ५०० अन्न झालं की बटण. वर जाताना १७५ लाकडाचं बराक, पोहोचताच तेवढ्याचंच स्टेबल.

नेहमी चुकतं ते एकच: डुक्कर आणणारा जखमी असताना त्यालाच दुसऱ्या डुकराला पाठवतात. माणूस बदला.

कार्डवाला

सगळे २ आणि ४ वर भांडताय. बिचाऱ्या ३ ची आठवण आहे का कुणाला? २००५ मध्ये त्याने ड्रॉप-ऑफच (माल नेऊन टाकणं) काढून टाकलं. लाकूड तोडलं की खात्यात जमा, कॅम्प नको, टक्कर नको. होम सिटीची पत्ती टाकली की जहाजातून माल. मूळ गेममध्ये पत्त्या उघडायला लेव्हल वाढवत बसावं लागायचं. २०२० च्या डेफिनिटिव्ह या नव्या आवृत्तीने ती कटकट संपवली, सगळ्या पत्त्या पहिल्यापासून खुल्या. मालिकेतली सर्वात धाडसी उडी ती, आणि २०२५ च्या जानेवारीत तिचं जाहीर केलेलं डीएलसीच रद्द झालं. धाडसाचं बक्षीस असं मिळतं म्हणून पुढचे सगळे २ च्या अंगणातच खेळतात.

दगडू_ट्रेबुशे

'टक्कर नको' हे शब्द वाचून डोळे पाणावले.

गंमत सोडा, मुद्द्याचं बोलतो. 'एज २'चं अर्धं दुखणं टक्कर हेच आहे. व्हिलेजर १० अन्न घेऊन येतो, टाकतो, परत जातो. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदल्या की थबकणं, वळसा. म्हणून लाकडाचा कॅम्प जंगलाच्या खाचेत घुसवायचा नाही, झाडांच्या सरळ रेषेला चिकटवायचा. एका कॅम्पवर ८-१० झाले की दुसरा टाकायचा, १०० लाकूड वाचवायला जाल तर फेऱ्यांमध्ये त्याहून जास्त घालवाल. शेतं आधी टाऊन सेंटरभोवती. कोपऱ्यावरचं शेत सगळ्यात शेवटी, कारण तिथून चाल लांब. लढाईत तर विचारूच नका: गट वळला की मांडणी नव्याने करायला मागचे पुढे, पुढचे मागे, तेवढ्यात मँगोनेल या दगडफेकी गाड्याचा गोळा. नवी संस्कृती आणली की पोस्टर छापता येतं. 'या पॅचमध्ये नाईट सरळ चालतात' याचं पोस्टर कोण छापणार?

मेंढपाळ

मी छापून लावतो.

टाऊनसेंटर_ताई

मग स्वयंचलनाचंही बोलू. पूर्वी शेत संपलं की हाताने पेरायचं. 'कॉन्करर्स'ने गिरणीत रांग दिली, 'एज २'च्या डेफिनिटिव्हने आपोआप पेरणी दिली. स्काऊटही आपोआप फिरतो. २०२३ च्या एक्सबॉक्स आवृत्तीत व्हिलेजर आपोआप कामाला लागतात. याच मालिकेतल्या 'मायथॉलॉजी रीटोल्ड'मध्येही तशी सोय आली. दर वेळी 'कौशल्य मेलं' म्हणून ओरड झाली आणि दर वेळी कौशल्य दुसरीकडे सरकलं. माझ्या मते शेत आपोआप पेरणं ठीक, कारण ६० लाकूड तुमचंच जातं आणि त्यात निर्णय काही नसतो. व्हिलेजरची रांग आपोआप नको. पाच जण रांगेत टाकले की २५० अन्न आधीच कापलं जातं, ते अन्न कधी अडकवायचं हा निर्णय आहे. रेषा तिथे ओढावी.

कोकणी_गॅली

मूळ प्रश्न राहिला बाजूला, मराठे कधी येणार तेवढं सांगा.

वोलोलो_बुवा

आला! कुठलाही धागा असो, अर्ध्यावर हा प्रतिसाद येतोच. धाग्याचा काश्मीर होण्याआधी (वाद भलतीकडे पेटण्याआधी) मॉडरेटरांनी लक्ष द्यावं.

काळाचा_हिशेब

विषय फालतू नाही पण. 'एज २'चा काठ १६०० च्या आसपास. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०. त्यामुळे 'मराठे' म्हणून या गेममध्ये येणं म्हणजे मी वर ज्याला नावं ठेवली तोच घोळ दुसऱ्या टोकाने. त्यांचा खरा काळ 'एज ३'चा, आणि तिथलं दुकान बंद.

पण दख्खनची जागा रिकामी आहे, हे खरं. २०१३ मध्ये अख्ख्या भारताला एकच संस्कृती होती. २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने तिच्या चार केल्या: हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविडियन. नाईट चौघांनाही नाही, रॅम या फाटकफोड्या यंत्राच्या जागी चिलखती हत्ती. आता यात देवगिरीचे यादव कुठे बसवाल? राष्ट्रकूट, चालुक्य, बहमनी? द्रविडियन तमिळ बोलतात आणि त्यांची मोहीम राजेंद्र चोळाची. गुर्जर पार राजस्थान-गुजरातेत. मधला पठाराचा तुकडा कुणाचाच नाही.

कोकणी_गॅली

मग दख्खनी म्हणा, नाव काही का असेना. दोन घोडेस्वार द्या: बारगीर आणि शिलेदार. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. बारगीर स्काऊटसारखा ८० अन्नाचा, सोनं नाही, पण किल्ल्याजवळ मेला तर घोड्याचे निम्मे पैसे परत. शिलेदार सोन्याचा, महाग, पण लोहाराकडचं एक अपग्रेड आधीच अंगावर. आणि डोंगरावरच्या किल्ल्याला दगड कमी.

लाकूडतोड्या

किल्ल्याजवळ मेला तर परतावा? हे 'एज ४'चं डोकं झालं. २ मध्ये कुठे मेला याचा हिशेब ठेवणारा बोनस वाचायला सोपा नाही. समोरच्याला दिसायला हवं की आता काय घडलं. साधं करा: बारगीर स्वस्त आणि लवकर बनणारा, चिलखत शून्य. संपला. शिलेदाराचं अपग्रेड मात्र आवडलं, कारण ते अंगावर दिसतं.

घाटावरचा_स्काऊट

नवीन संस्कृती पुरे म्हणून धागा काढणारे स्वतःच ५१ वी बॅलन्स करायला बसले!

तिसरी_मेंढी

११

लाकूडतोड्या

पकडलंत. ठीक आहे, आकड्याबद्दलचा हट्ट सोडतो, व्याकरणाचा नाही. नवी संस्कृती आली तरी हरकत नाही, पण नाईट, तिरंदाज, भाला, ट्रेबुशे यांपैकी एका वेळी एकच शब्द बदलावा. कुमानांना फ्यूडलमध्येच दुसरं टाऊन सेंटर मिळतं, पण बाकी सगळं ओळखीचं, म्हणून ते पचलं. पोलिशांचा फोल्वार्क शेत पेरताच थोडं अन्न हातात देतो, तोही पचला. शूंनी एका दमात कितीतरी शब्द बदलले, म्हणून ते घशात अडकले.

टाऊनसेंटर_ताई

ही कसोटी मला मान्य. 'एज ५'ला मात्र ती लावू नका, तिथे पाटी कोरी असू दे.

कोकणी_गॅली

व्हिलेजर मराठीत बोलले पाहिजेत, एवढी एकच अट. लाकूड तोडायला पाठवलं की 'निघालो', आणि पाचव्यांदा उगाच क्लिक केलं की 'काय आता?'

दगडू_ट्रेबुशे

बारगीर असो की शिलेदार, फाटकात अडकल्यावर दोघंही 'काय आता?'च म्हणणार.